भिंतीला एकही भोक नाही

पुण्यात एका बंगल्याचं गॅरेज भाड्याने घेऊन एक काका सुतारकाम आणि वेल्डिंगची हौस भागवतात. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला, "एक्स्टेन्शन बोर्ड परत पडला हो. ह्या वेळी ग्राइंडर चालू असताना." घरमालकाची अट अशी की भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही.

जाऊन बघतो तर बोर्ड वायरीवर लोंबकळतोय. पाठीवरचा डबल टेप जसाच्या तसा, आणि त्याला चिकटून डिस्टेंपरचा तळहाताएवढा पापुद्रा. म्हणजे टेपने दगा दिलाच नव्हता, रंग सुटला होता. डिस्टेंपरवर टेप लावला की तो भिंतीला नाही, रंगाच्या वरच्या थराला धरतो. टाइल्सवर किंवा पावडर कोटिंगच्या पत्र्यावर तोच टेप छान बसतो, पण तिथेही जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दाबून बसवून एक दिवस हात लावायचा नाही. पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. काकांनी दहा मिनिटांत प्लग खोचला होता.

वजनाचा प्रश्न तसा नसतोच. अ‍ॅक्रिलिक फोमच्या डबल टेपचा हिशोब किलोला साधारण 55 चौरस सेंटिमीटर, म्हणजे इंचभर रुंदीची 22 सेंटिमीटर पट्टी. बोर्ड किलोभराचाही नव्हता. गोची होते प्लग उपटताना. बोर्ड एका टोकाने बाहेर ओढला जातो आणि टेप केळ्याच्या सालीसारखा सोलत येतो.

काकांनी लोहचुंबकही आणून ठेवले होते, लोखंडी कपाटाला बोर्ड चिकटवायला. नुसतं लाकूडकाम असतं तर हरकत नव्हती. पण ग्राइंडरचा लोखंडी कीस चुंबकाभोवती दाढीसारखा जमतो, आणि तिथून सॉकेटची भोकं बोटभर लांब. तो बेत रद्द केला.

टेबलाशेजारी खाचांच्या अँगलचा 3 फुटी रॅक उभा होता. त्याला भोकं आयतीच! 18 मिमी प्लायची 3 फूट बाय 5 इंच पट्टी कापली आणि दोन्ही टोकांना 6 मिमीचे बोल्ट, मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे) लावून अँगलच्या खाचांतच कसली. उंची टेबलापासून वीतभर वर, म्हणजे भुसा साचत नाही आणि फरशी धुताना पाणी उडत नाही. सॉकेटची तोंडं समोर. वर तोंड केलेला बोर्ड म्हणजे कीस गोळा करायची वाटी. प्लग उपटताना रॅक पुढे येऊ नये म्हणून जड सामान खालच्या फळीवर रचलं.

बोर्डच्या पाठीला किल्लीच्या आकाराच्या दोन खाचा असतात. त्यांचं अंतर टेपने मोजत बसलं की हमखास दोन मिमीने चुकतं. पाठीवर मास्किंग टेपची एक सलग पट्टी लावायची, पेन्सिलच्या टोकाने दोन्ही खाचांच्या जागी टोचायचं आणि तीच पट्टी उचलून प्लायवर चिकटवायची. मग त्या टोचलेल्या जागी स्क्रू मारायचे, डोकं 3 मिमी बाहेर ठेवून. खाचेची अरुंद बाजू वायर ज्या दिशेला ओढली जाते तिच्या उलट यायला हवी, नाहीतर वायरीला हिसका बसला की बोर्ड आपोआप सुटतो. तरी विश्वास नको म्हणून पट्टीभोवती दोन केबल टाय घातले, स्विच मोकळे सोडून. वायर बोर्डपासून चार इंचांवर क्लिपने धरली, थोडा झोल ठेवून.

खाचांच्या अँगलची धार वाईट असते. वायर नुसती टेकवली तर घासून घासून साल कापली जाऊ शकते आणि अख्ख्या रॅकमध्ये करंट उतरू शकतो. म्हणून वायर फ्लेक्सिबल पाइपातून नेली, आणि शेवटी मल्टिमीटरने रॅक ते अर्थिंग व्होल्टेज तपासलं. शून्य.

बोर्ड पडण्याहून मोठं दुखणं मात्र प्लगला दिसलं: एक पिन तापून तपकिरी पडली होती. बोर्ड 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला 1380 वॅट. त्यावर 850 वॅटचा ग्राइंडर आणि 1200 चा व्हॅक्यूम एकदम चालायचे. बोर्ड 16 अँपिअरचा बदलला, वायर 2.5 स्क्वेअर मिमीची. दोन एचपीचा कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून त्याला बोर्डवर जागाच दिली नाही; तो भिंतीतल्या वेगळ्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर.

निघताना काका त्या उघड्या पडलेल्या भिंतीकडे बघत होते. स्क्रूची दोन भोकं बुजवायला बोटभर पुट्टी लागली असती. हा पापुद्रा भरून, घासून, रंगाची तीच छटा जुळवायची म्हणजे अख्खी भिंतच रंगवावी लागणार.