थंड देशांची पुस्तके आणि बेळगावचा स्वेटर

विणकामावरची उत्तम पुस्तके बहुतांशी थंड देशांत लिहिली गेली आहेत. ती बेळगावात बसून वाचायची असतील, तर त्यांतला स्वेटर बाजूला ठेवून हिशेब तेवढा उचलावा, असे माझे मत गेल्या काही वर्षांच्या वाचनातून आणि विणण्यातून पक्के झाले आहे. जाड लोकरीचा, गळ्यापर्यंत बंद, डोक्यावरून घालायचा स्वेटर छायाचित्रात फार देखणा दिसतो, पण आपल्या हवेचा स्वभाव वेगळा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी ऊन असे तापते की अंगावर सुती कपडाही जड वाटावा. शिवाय थंडी ही येथे केवळ हिवाळ्याची गोष्ट नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः खानापूर आणि जांबोटीच्या बाजूला, पावसाबरोबर जो गार वारा सुटतो त्यात म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना स्वेटर लागतोच. त्यामुळे आपल्याला हवा असतो तो पातळ लोकरीचा, पुढून उघडा, गुंड्यांचा, दुपारी चटकन काढून पिशवीत ठेवता येईल असा स्वेटर, किंवा बिनबाह्यांचा हाफ स्वेटर. परदेशी पुस्तकांत असे नमुने अगदीच नसतात असे नाही. पण ती पुस्तके मुखपृष्ठावर मिरवतात तो स्वेटर हा नव्हे.

तरीही मी ही पुस्तके मनापासून जपते, आणि त्याचे पहिले कारण एलिझाबेथ झिमरमन. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेल्या या बाईंचे ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. टाक्याटाक्याला आज्ञा देणारा नमुना आंधळेपणाने विणू नका, आधी आपल्या हाताला इंचाला किती टाके येतात ते मोजा आणि मग स्वतःचा स्वेटर स्वतः आखा, हा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या लेखनातून रूढ झालेली टक्केवारीची पद्धत इतकी सोपी आहे की शाळेत त्रैराशिक शिकलेल्या कोणालाही ती जमेल. छातीचा घेर ४० इंच हवा आहे आणि इंचाला ५ टाके येत आहेत, तर अंगाचे टाके २०० झाले. आता मनगटाला या टाक्यांच्या २० टक्के म्हणजे ४०, दंडाशी सुमारे ३३ टक्के म्हणजे ६६, काखेत ८ टक्के म्हणजे १६ आणि गळ्याला ४० टक्के म्हणजे ८०. अंग आणि बाह्या गोल सुईवर, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, नळीसारख्या विणायच्या, काखेशी एकत्र जोडायच्या आणि वर गळ्याकडे कमी करत न्यायच्या. शिवण जवळजवळ नाही, आणि गोल विणताना प्रत्येक फेरी सुलटच असल्यामुळे साध्या विणीत उलट टाका घालावाच लागत नाही. पुढून उघडा स्वेटर हवा असेल, तर अशी नळी विणून झाल्यावर मधोमध दोन्ही बाजूंनी मशीनची टीप मारून ती सरळ कात्रीने कापण्याची उत्तर युरोपातली जुनी रीतही त्या सांगतात. विणलेल्या कापडाला कात्री लावायची या कल्पनेनेच आपल्याकडच्या बायकांच्या अंगावर काटा येतो. मात्र टीप नीट पडली असेल आणि लोकर थोडी खरखरीत असेल, तर टाके सुटत नाहीत. गुळगुळीत ॲक्रिलिकच्या कृत्रिम धाग्यावर मी हा प्रयोग कोणाला सुचवणार नाही.

इंचाला किती टाके, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि सगळे काही त्याच्यावरच अवलंबून असते. वरच्याच उदाहरणात ५ ऐवजी साडेपाच टाके येऊ लागले, तर तेच २०० टाके ४० इंच न भरता जेमतेम साडेछत्तीस इंच भरतात, आणि मापाचा स्वेटर धाकट्या भावाला द्यावा लागतो. बेळगावच्याच शहापूर भागातल्या ज्या काकूंकडून मी दोन सुयांवरचे विणकाम शिकले, त्यांनी असले कोणतेही पुस्तक पाहिलेले नव्हते, पण माझे विणणे नुसते बोटांनी चाचपून त्या म्हणत, ‘हात सैल सोड गं, टाके लई घट्ट यायलेत.’ पुस्तक जे चौकोनी तुकडा विणून पट्टीने मोजायला सांगते, ते त्यांना स्पर्शाने कळत होते. ज्यांना अशा काकू लाभल्या नाहीत, त्यांनी किमान चार इंच बाजूचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावा. धुतल्यावर बऱ्याच लोकरींचे माप बदलते, म्हणून न धुता मोजण्यात अर्थ नाही.

अमेरिकन पुस्तके वाचणाऱ्यांना एक गोष्ट कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी, ती सुयांच्या नंबरांची. आपल्या दुकानांत आणि आपल्या घरांत जुन्या ब्रिटिश नंबरांच्या सुया चालत आल्या आहेत. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी आहे: तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर अमेरिकेची ८ नंबरची ५ मिलिमीटरची, म्हणजे आपली ६ नंबरची. ७ नंबर तेवढा दोन्हीकडे साडेचार मिलिमीटरचा आहे. म्हणून नंबर विसरावा आणि मिलिमीटर पाहावेत. चांगल्या पुस्तकांत ते बहुधा दिलेले असतात, आणि नव्या सुयांवरही कोरलेले असतात.

अमेरिकन लेखिका बार्बरा वॉकर यांच्या विणकामाच्या पुस्तकांविषयी मला वेगळ्या कारणाने आत्मीयता आहे. १९६८ साली त्यांचा ‘अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स’ हा विणींचा कोश आला. त्यात शेकडो विणी आहेत, आणि प्रत्येक वीण किती टाक्यांच्या पटीत बसते हे आधी सांगितलेले असल्यामुळे ती कोणत्याही मापाच्या स्वेटरात बसवता येते. १९७२ साली त्यांनी दोन पुस्तके दिली. एक गळ्यापासून खाली विणत जाण्याविषयी. वाढत्या मुलांसाठी ही रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण पुढच्या वर्षी बाहीची किनार उसवून तिथूनच आणखी दोन इंच खाली विणता येते. दुसरे पुस्तक चौकटींच्या आलेखांचे. एक चौकट म्हणजे एक टाका, ठरावीक खूण म्हणजे उलट, दुसरी खूण म्हणजे दोनांचा एक, तिरप्या रेघा म्हणजे केबल, अर्थात टाके एकमेकांवरून नेऊन घातलेला पीळ. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला या आलेखाचे मोल अधिक कळते. आमच्या शेजारच्या कन्नड अक्का आणि मी एकमेकींच्या भाषेत सहज बोलतो, पण त्यांच्या वहीतला नमुना मला वाचता येत नाही आणि माझ्या वहीतली ‘पहिली सुई सुलट, दुसरी सुई उलट’ ही ओळ त्यांना लागत नाही. चौकटींच्या कागदावर मांडलेला नमुना मात्र आम्ही दोघी एकाच वेळी, एकाच कागदावर बोट ठेवून वाचतो. आपल्या भागात विणकामाचे पुस्तक कधी निघाले, तर ते आलेखांचेच असावे.

आता एका इतिहासाच्या पुस्तकाविषयी, कारण विणणाऱ्या बायकांमध्ये एक गोष्ट फार प्रेमाने सांगितली जाते आणि ती खरी नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला असलेल्या अरान बेटांवरच्या केबलच्या स्वेटरांत प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे, आणि बुडालेल्या कोळ्याचे प्रेत त्या विणीवरून ओळखले जाई, अशी ती गोष्ट. रिचर्ड रट हे इंग्लंडमधील लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः उत्तम विणत. त्यांनी १९८७ साली ‘अ हिस्ट्री ऑफ हँड निटिंग’ या ग्रंथात या समजुतीची शांतपणे झडती घेतली. ऑक्सफर्डमध्ये लोकरीचे दुकान चालवणारे हाइन्झ कीवे यांनी या स्वेटरांना हजार-दीड हजार वर्षांची प्राचीनता बहाल केली होती, आणि त्यासाठी जुन्या हस्तलिखितातील चित्राचा आधार घेतला होता. प्रत्यक्षात आपण पाहतो तो पांढरा केबलचा स्वेटर विसाव्या शतकातच घडत गेला. बुडालेल्या माणसाची कल्पना बहुधा आयरिश नाटककार जॉन सिंग यांच्या १९०४ मधील ‘रायडर्स टू द सी’ या नाटकातून पसरली असावी. पण त्या नाटकात मृत भावाची ओळख पटते ती स्वेटरवरून नव्हे, मोज्यावरून. मोजा बहिणीनेच विणलेला असतो, आणि किती टाके घातले होते व किती गळले होते हे तिच्या लक्षात असते. मला दंतकथेपेक्षा हे अधिक हेलावून टाकते. घराण्याच्या खुणेची येथे गरजच पडत नाही. आपल्या हाताने विणलेली वस्तू विणणारीला टाक्यांच्या संख्येवरून ओळखू येते, आणि ज्यांनी कोणासाठी काही विणले आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. याच ग्रंथातून मला हेही कळले की विणकामाच्या अगदी जुन्या उरलेल्या नमुन्यांत इजिप्तमध्ये सापडलेले मोजे आहेत आणि ते सुती आहेत. ऊबदार लोकरीशी जोडलेल्या या कलेचे जुने पुरावे उष्ण देशातले आणि कापसाचे असावेत, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लोकरीविषयी परदेशी पुस्तके जे सांगतात, ते मात्र जसेच्या तसे घेता येत नाही. त्यांच्यासमोर मऊ, बारीक धाग्याची मेरिनो मेंढी असते. आपल्या माळरानावर फिरते ती दख्खनी मेंढी, आणि तिची लोकर जाड, राठ, बहुतेक काळी. धनगर आणि कुरुबर समाजाने तिच्यापासून घोंगडी विणली, जिला कन्नडमध्ये कंबळी म्हणतात. ती मागावर विणली जाते, सुयांवर नव्हे, आणि पाऊस, वारा, अंथरूण, पांघरूण या सगळ्याला पुरून उरते. तिचा स्वेटर थेट कातडीवर सोसवणार नाही. बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. ते स्वस्त, रंगीत आणि धुवायला सोपे आहेत, म्हणून मी त्यांना नावे ठेवत नाही. पण खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, आणि जांबोटीच्या पावसात हा फरक अंगाला कळतो. तान्ह्या बाळाच्या कुंची-मोज्यांसाठी तर मी पैसे जास्त मोजून लोकरच घ्यावी असे म्हणेन. आपल्याकडे अजूनही बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी असते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, पण ॲक्रिलिक ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते.

मराठीत विणकामाची पुस्तके निघाली आहेत आणि त्यांनी घराघरांत स्वेटर पोहोचवले, पण त्यांचा भर नमुन्यांवर आहे. माप घेऊन स्वतः आखायला शिकवणारे, पातळ लोकरीचे, हाफ स्वेटरचे आणि गुंड्यांच्या स्वेटरचे पुस्तक मला हवे आहे. त्याचे साहित्य टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी येथल्या कपाटांत लांब वह्यांमध्ये पडून आहे. त्या वह्यांत कात्रणे आहेत, टाचणीने टोचलेले विणीचे तुकडे आहेत, कोणाच्या नातवासाठी किती टाके घातले याच्या नोंदी आहेत. नाही तो बहुतेक वेळा सुईचा नंबर आणि लोकरीची जाडी, कारण लिहिणारीला ते पाठच होते. ज्यांच्या घरी अशी वही आहे आणि ती लिहिणारी आई, मावशी किंवा आजी अजून सांगू शकते, त्यांनी तिला प्रत्येक नमुन्याखाली या दोन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात. इंचाला किती टाके येत होते हेही तिला आठवले, तर उत्तमच. आठवले नाही, तर तिने विणलेला एखादा जुना स्वेटर टेबलावर पसरून पट्टीने मोजता येतो.