दोरीचा झोळ

शाळेच्या अमृत महोत्सवाचा निरोप आला तेव्हा मी व्हॅन चालवत होते. मागे आठ मुली, त्यांच्या बॅगा आणि पाच तासांचा रस्ता. अमेरिकेतल्या कॉलेजात टेनिसची असिस्टंट कोच आहे म्हटलं की नागपुरातल्या मावश्यांना फार भारी वाटतं. प्रत्यक्षात रॅकेटचं गटिंग करणं (तारा ओवणं), बाटल्या भरणं, मोटेलच्या खोल्या मोजणं आणि गाडी हाकणं, हेही माझंच काम. रात्री मोटेलवर निरोप पुन्हा वाचला. ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहायचं होतं.

मला आठवले ते चित्रकलेचे सर. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. गणिताच्या बाईंचे तर उपकारच आहेत, नाहीतर मी दहावीतच अडकले असते. पण लिहायला बसले की लुनावरून येणारे, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे ठेवणारे सरच समोर येतात.

1999 साली मी आठवीत होते. पेस-भूपतींनी त्या वर्षी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनची दुहेरी जिंकली आणि वर्गातली पोरं महिनाभर पट्ट्यांनी टेनिस खेळली. मला सकाळी रामनगरच्या कोर्टावर तासभर मिळायचा, तोही मोठ्या मुलींनी कोर्ट सोडलं तर. म्हणून मधल्या सुट्टीत मी हॉलमागच्या भिंतीवर चेंडू मारायची. पोह्यांच्या ठेल्यावरून तर्रीचा वास यायचा, डबा तसाच राहायचा.

एक दिवस सर मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडणार.

“नेट कुठं आहे?”

“नेट नाही सर, भिंतच आहे.”

“मंग तुले समजते कसं, चेंडू वरून गेला का खालून?”

दुसऱ्या दिवशी ते गेरूचा डबा आणि वर्गातली मोठी लाकडी पट्टी घेऊन आले. तीन फुटांवर सरळ रेघ मारायला लागले. मी चाचरत म्हटलं, “सर, नेट मध्ये तीन फूट असतं, पण खांबांपाशी साडेतीन.” सरांचा हात थांबला. “काहून? झोळ असते काय त्याले? मंग आधी नाही सांगायचं?”

ओल्या फडक्याने त्यांनी अर्धी रेघ पुसली. वर्गातल्या दोन पोरांना सुतळीची टोकं देऊन साडेतीन फुटांवर धरायला लावली. कोर्ट 36 फूट रुंद, आपली भिंत जेमतेम पंचवीस. “असू दे, झोळ तेवढाच ठेवू,” म्हणत ते सुतळी सैल-घट्ट करत राहिले, मधोमध बरोबर तीन फूट येईपर्यंत. मग सुतळीखालून गेरूचे ठिपके देत गेले, आणि सुतळी काढल्यावर ब्रशने ते जोडले. एका दमात, हात न थरथरता. घंटा होऊन गेली होती, पोरांचे हात भरून आले होते, तरी सर दूर जाऊन, एक डोळा मिटून बघतच राहिले.

दिवाळीनंतर स्नेहसंमेलनासाठी भिंतीला चुना लागला. रेघ गेली. सोमवारी येऊन बघते तर पुन्हा हजर. रविवारी सर कुणाच्या परवानगीने आले होते, ते मी तेव्हा विचारलं नाही.

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली. इंटरमिजिएट बुडवून मी स्पर्धेला गेले, त्यावर सर एका शब्दाने बोलले नाहीत. वर्गात मात्र एकच धोशा असायचा, “सुरई नको काढू, सुरईच्या बाजूची रिकामी जागा काढ.”

पुढे आठ वर्षं मी व्यावसायिक खेळले. तेव्हाच्या दहा हजार डॉलरच्या स्पर्धा ऐकायला मोठ्या वाटायच्या, पण पहिल्या फेरीत हरलं की हातात जेमतेम शंभर डॉलर यायचे. रँकिंग सहाशेच्या आत कधी आलं नाही, आणि शेवटी खांद्याने हात टेकले. त्या स्पर्धांत सामना चालू असताना कोचने बोलायचं नाही असा तेव्हा नियम होता. समोरची पोरगी नेटवर चढून आली की मला सुरईच आठवायची. कधी जमायचं, पुष्कळदा नाही. कॉलेजच्या सामन्यांत कोचला कोर्टावर बसता येतं, दोन पॉइंटच्या मधे बोलता येतं. सहा एकेरी एकाच वेळी चालू असतात, मी या कोर्टवरून त्या कोर्टवर पळते. “तिच्याकडे बघू नकोस, जागा बघ,” हे मी इंग्रजीत दिवसाला वीस वेळा सांगते.

मागच्या हिवाळ्यात आले तेव्हा शाळेत डोकावले. हॉलमागे आता दुचाकींसाठी पत्र्याची शेड आहे, खाली पेव्हर ब्लॉक. भिंत नाही. गाड्या कुठेतरी ठेवाव्याच लागतात, मान्य आहे. पण मला तिथं दोन मिनिटंही उभं राहवेना.

तिथूनच सरांकडे गेले. कानांनी थोडं कमी ऐकू येतं, नजर तीच. रँकिंग, पगार, अमेरिका, काही विचारलं नाही. चहा ओतता ओतता म्हणाले, “टीव्हीवर पाह्यलं मी. नेटच्या मधात एक पांढरी पट्टी असते, खाली ओढून धरणारी. किती रुंद असते गं ते?”

“जास्तीत जास्त दोन इंच, सर.”

“अन् आपण काढलीच नव्हती,” सर म्हणाले, आणि बशी माझ्याकडे सरकवली.