लाईट गेलेली असताना बटण दाबलं तर

मागच्या रविवारी भाची बारावीच्या मॅथ्सची दोन्ही पुस्तकं घेऊन आली. पहिल्या भागातला पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिक, त्यातच ती स्विच आणि दिव्याची सर्किटं. दुसऱ्या भागातला पहिला धडा डिफरन्सिएशन, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते ते काढणं, येणारं उत्तर म्हणजे डेरिव्हेटिव्ह. म्हणाली, "मामा, इकडे सगळं ट्रू नाहीतर फॉल्स, तिकडे सगळं हळूहळू बदलतंय, ह्या दोघांचा एकमेकांशी काय संबंध?" मी सांगणार होतो की काही नाही, पास हो, पण तोंडातून निघालं की लॉजिकचं पण डेरिव्हेटिव्ह निघतं गं, मी रोज कामावर तेच काढतो. मग चहा गार होईस्तोवर सांगत बसलो. तेच इथे लिहून ठेवतोय.

आमच्या गावाकडे लोडशेडिंगच्या काळात एक प्रकार नेहमी व्हायचा. लाईट गेलेली, उकाडा, आणि कोणीतरी उगाच पंख्याचं बटण खालीवर करून बघायचं, मग दुसरं कोणीतरी, आणि शेवटी बटण चालू राहिलंय की बंद हे कोणालाच ठाऊक नसायचं. रात्री दोनला लाईट आली की पंखा, ट्यूबलाईट, रेडिओ सगळं एकदम सुरू आणि आजोबा ओरडत उठायचे. पंखा फिरतो कधी? लाईट आहे आणि बटण चालू आहे, दोन्ही खरं असेल तेव्हा. लाईटला अ म्हणा, बटणाला ब म्हणा, पंखा म्हणजे अ आणि ब.

आता प्रश्न असा: बटण बदललं तर पंखा बदलेल का? उत्तर ठाम हो किंवा नाही असं देताच येत नाही, ते लाईटवर अवलंबून आहे. लाईट असेल तर हो, नसेल तर नाही. म्हणजे "पंख्याचं बटणाच्या बाबतीत डेरिव्हेटिव्ह" काय, तर लाईट. काढायची रीत सोपी आहे, ब च्या जागी एकदा ० (खोटं, बंद) टाका, एकदा १ (खरं, चालू) टाका, दोन उत्तरं वेगळी आली तर डेरिव्हेटिव्ह १, सारखी आली तर ०. वेगळी आहेत का हे बघणं म्हणजेच एक्सॉर. झालं, ह्यालाच बूलियन डेरिव्हेटिव्ह किंवा बूलियन डिफरन्स म्हणतात. उतार, लिमिट, शून्याकडे जाणारं काहीतरी, ह्यातलं काहीच नाही.

जिन्याच्या टू-वे स्विचचं बघा. खालचं बटण दाबा, दिवा बदलतो, वरचं दाबा, बदलतो, दुसरं बटण कुठल्याही बाजूला असो. म्हणजे दोन्ही बाबतीत डेरिव्हेटिव्ह कायम १. आणि मी खाली, धाकटा भाऊ वर, एक-दोन-तीन म्हणून एकदम दाबलं तर दिवा नुसता लुकलुकून होता तसाच. दोन बदल एकमेकांना खाऊन टाकतात. आईने आम्हाला ह्यावरून बदडलंय, कारण त्या काळात होल्डर जायचे सारखे.

हे काही माझं डोकं नाही हां. ज्याच्या नावावर हे सगळं आहे त्या जॉर्ज बूलचं लॉजिकचं मोठं पुस्तक १८५४ चं, आणि त्याच माणसाने १८५९ ला डिफरन्शिअल इक्वेशन्सवर आणि १८६० ला फायनाइट डिफरन्सेसवर, म्हणजे एकेक पावलाने बदलणाऱ्या गोष्टींच्या कॅल्क्युलसवर पुस्तकं लिहिली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, आपल्याकडे त्या भाग एक आणि भाग दोन झाल्या. नंतर १९५० च्या दशकात स्विचिंग सर्किटवाल्यांनी ह्या डेरिव्हेटिव्हवर नीट काम केलं आणि १९६० च्या दशकात कॉम्प्युटरच्या सर्किटमधले फॉल्ट शोधायला ते वापरायला लागले. फॉल्ट शोधणं, माझा त्याच्याशी संबंध तिथे येतो.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्र्याला दाबून आकार देणारी जुनी पॉवर प्रेस होती, टू-हँड कंट्रोलवाली. म्हणजे ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंना एकेक पाम बटण, दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येणार. हेतू एवढाच की हात बटणांवर असले म्हणजे डायमध्ये, प्रेसखालच्या साच्यात, नसतात. लॉजिक परत तेच, अ आणि ब. रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना चेकिंग व्हायचं आणि ते मीच लिहून दिलेलं होतं: दोन्ही बटणं दाबा, प्रेस आली, सोडा, थांबली, रजिस्टरला टिक. काही महिने टिकवर टिक. मग एक दिवस आयटीआयचा अप्रेंटिस पोरगा डाव्या हातात चहाचा कप धरून उभा होता, सहज उजवं बटण दाबलं आणि प्रेस धाडकन खाली. नशीब, डायमध्ये कोणाचं काही नव्हतं. डाव्या बटणाचा काँटॅक्ट आतून चिकटला होता, कधीपासून देव जाणे.

माझं चेकिंग का फसलं हे मला त्या रात्री कागदावर मांडल्यावर कळलं. डावं बटण अ. त्याचा बिघाड दिसायचा तर पंख्यासारखंच, अ चं डेरिव्हेटिव्ह १ असायला हवं, म्हणजे ब दाबलेलं हवं. आणि अ खरंतर ० असायला हवा, कारण तो १ वर चिकटलाय, तेव्हा १ देऊन काय फरक दिसणार? म्हणजे एकच जागा उरते: डावं सोडलेलं, उजवं दाबलेलं. आणि नेमकं तेच मी कधी तपासायला सांगितलं नव्हतं. दोन्ही दाबून बघितलं तर चिकटलेला काँटॅक्ट आणि चांगला काँटॅक्ट सारखेच दिसतात. दोन्ही सोडून बघितलं तरी ब शून्य असल्यामुळे अ काहीही असो, प्रेस हलतच नाही. बिघाड होता, रोज होता, पण ज्या दोन खिडक्यांतून मी बघत होतो त्या दोन्हीतून तो दिसणं शक्यच नव्हतं.

मग चेकिंग बदललं: दोन्ही दाबा, फक्त उजवं दाबा, फक्त डावं दाबा. चारपैकी तीन पुरतात. दहा कंडिशन "आणि"ने जोडलेल्या असतील तर १०२४ प्रकार होतात पण ह्या हिशोबाने ११ टेस्टमध्ये काम भागतं, सगळे १ ची एक आणि मग एकेकाला ० करून दहा. विमानाच्या सगळ्यात नाजूक सॉफ्टवेअरला, १९९२ च्या डीओ-१७८बी नियमापासून, हेच करून दाखवावं लागतं की प्रत्येक कंडिशन एकटी बदलली तर निर्णय बदलतो. तिकडे त्याला भारदस्त नाव आहे, एमसीडीसी, पण आत आपला पंखाच आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. बारावीला प्रॉडक्ट रूल असतो ना, पहिलं गुणिले दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह अधिक दुसरं गुणिले पहिल्याचं. तो सिद्ध करताना सर एक टर्म खोडतात, दोन्ही छोट्या बदलांचा गुणाकार, "इतकं छोटं की सोडून द्या." लॉजिकमध्ये "आणि" म्हणजे ०-१ चा गुणाकारच, पण ती टर्म इथे सोडता येत नाही. इथे बदल एकतर झाला नाहीतर नाही झाला, छोटा बदल अशी चीजच नाही. अ मधल्या बदलाला डअ म्हणा, ब मधल्याला डब, मग

प्रेसमधला बदल = अ·डब ⊕ ब·डअ ⊕ डअ·डब

तो ⊕ म्हणजे एक्सॉर. दोन्ही बटणं सोडलेली आहेत असं धरा, अ शून्य, ब शून्य. पहिल्या दोन टर्म गेल्या. एकेकट्या बटणाचं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणजे कुठलंही एक दाबा, काही होणार नाही. उरली फक्त सरांनी खोडलेली टर्म, आणि प्रेस खाली येते ती तिच्याच जोरावर! टू-हँड कंट्रोलचं अख्खं डिझाइन त्या एका टर्मवर उभं आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये होतो आणि शेजारच्याला सांगावंसं वाटत होतं.

पण ऑपरेटर लोक आपल्यापेक्षा हुशार. पीस रेटवर काम असलं की डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची, एका हाताने प्रेस चालवायची, दुसऱ्या हाताने माल सरकवायचा. म्हणजे अ कायम १, ब चं डेरिव्हेटिव्ह कायम १, सूत्र तेच पण यंत्र आता एकहाती. फक्त "दोन्ही दाबलेली आहेत का" विचारणाऱ्या लॉजिकला पाचर आणि हात ह्यातला फरक कळत नाही. म्हणून चांगल्या टू-हँड रिलेमध्ये बटणाची स्थिती नाही, बदल बघतात: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही पूर्ण सुटली पाहिजेत. पाचर कधी बदलतच नाही, तिचा डअ शून्य, म्हणून रिले तिला विचारत नाही. (साध्या पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, ह्याची एक रन्ग, प्रोग्रॅमची ओळ, टाकून सेफ्टी केली म्हणणारे भेटतात, त्यांना हात जोडून नको म्हणा, सेफ्टी रिले लावा.)

पीएलसीत हा ड काढणं मात्र अगदी सोपं. मागच्या स्कॅनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या मागच्या फेरीला, बटण काय होतं ते एका बिटमध्ये ठेवायचं, आत्ताचं आणि मागचं ह्यांचा एक्सॉर घ्यायचा, झाला डअ. फक्त ० वरून १ जाताना हवा असेल तर रायझिंग एज, वनशॉट.

हे सगळं सांगून झाल्यावर भाची म्हणाली, मग मळ्यातला पंप लाईट आल्यावर पंख्यासारखा आपोआप का नाही सुरू होत? चांगला प्रश्न आहे हा. स्टार्टरचं लॉजिक असं: लाईट आहे, आणि स्टॉप दाबलेलं नाही, आणि एकतर स्टार्ट दाबलंय किंवा पंप आधीच चालू आहे. शेवटचा तुकडा महत्त्वाचा, पंप स्वतःलाच धरून ठेवतो. चालू असताना लाईटच्या बाबतीत डेरिव्हेटिव्ह १, म्हणून लाईट गेली की पंप बंद. पण बंद पडल्या पडल्या "आधीच चालू" हा तुकडा खोटा झाला, आणि डेरिव्हेटिव्ह ० झालं. आता लाईट परत आली तरी पंपाला पत्ता नाही. तोच बदल, जाताना चालतो, येताना चालत नाही, कारण मधल्या काळात यंत्राची स्थितीच बदलली. पंख्यात असं होत नाही कारण त्याचं बटण जिथल्या तिथे असतं.

शेतकऱ्याला रात्री एकला लाईट आली की मळ्यात जाऊन स्टार्ट दाबायचं, साप-विंचवातनं. म्हणून लोक ऑटो बसवतात, तो लाईटचा रायझिंग एज पकडतो आणि स्टार्ट दाबतो. वीज कंपनीवाले ऑटो काढा म्हणून मागे लागतात, त्यांचंही चूक नाही, एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी उठतात, सुरू होताना मोटर सहापट-सातपट करंट ओढते, आणि डीपीचा डीओ, म्हणजे फ्यूज, उडतो, मग सगळ्यांचंच पाणी बंद. आमच्या चुलत्यांनी शेजारच्या तिघांना बसवून सांगितलंय की ऑटोला टायमर लावू, एकाचा दोन मिनिटांनी, दुसऱ्याचा चार, असं. टायमर आलेत, बसवलेत पण, फक्त दोन मिनिटंवाला कोण ह्यावरून बोलणी अडलीत.