रटलंडच्या पॅरिशची दफ्तरं

इंग्लंडमध्ये लेस्टर शहराच्या पूर्वेला रटलंड नावाची चिमुकली काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रदेश आहे. वस्ती 40 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. 1974 साली ती लेस्टरशायरमध्ये विलीन झाली. इथल्या लोकांनी ते मनापासून कधी मान्य केलं नाही आणि 1997 साली आपला वेगळा कारभार परत मिळवला. ‘आमची काउंटी, आमचं गाव’ हे इथल्या माणसांच्या किती आत रुजलंय, ते जुनी दफ्तरं चाळताना मला उमगलं.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 साली हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची आणि ती कुलूपबंद पेटीत जपायची. आपल्याकडे पूर्वजांची नावं शोधायला त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या उघडतात, तशाच या. मात्र यात्रेला जायची कधी ऐपतच नव्हती, अशा माणसांचीही नावं इथे आहेत.

त्याहून मोलाचे कागद गरिबीमुळे तयार झाले. 1601 च्या कायद्याने गावातल्या निराधारांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर आली आणि त्यासाठी गावकऱ्यांवर कर बसला. मग अमुक माणूस कुठल्या गावचा, हा पैशाचा प्रश्न झाला. 1662 च्या कायद्यानुसार, वर्षाला 10 पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत उतरलेला नवखा माणूस गावावर भार होईल असं वाटलं, तर 40 दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या गावी धाडता येई. त्याआधी न्यायाधीशांसमोर त्याची जबानी व्हायची. जन्म कुठला, चाकरी कुणाकडे केली, किती काळ, लग्न कधी झालं, मुलं किती? शेतमजुराच्या आयुष्याची हकिगत एरवी कोण लिहून ठेवणार होतं!

यातलं काही वाचताना मात्र संताप येतो. लग्नाशिवाय जन्मलेलं मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशचं धरलं जाई. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला घाईघाईने हद्दीपलीकडे नेऊन सोडल्याची उदाहरणं इंग्लंडभर सापडतात.

दफनाच्या वह्यांत ‘शपथपत्र दिले’ असाही शेरा दिसतो. लोकरीच्या धंद्याला आधार म्हणून मृतदेह लोकरीच्याच कापडात गुंडाळायची सक्ती होती आणि तशी शपथ घ्यावी लागे. मोडली तर 5 पौंड दंड. श्रीमंत घरं दंड भरून आपल्या माणसाला तलम लिननमध्ये निरोप देत.

दफ्तरांबरोबर गावंही पाहावीत. नॉर्मंटनचं गाव जमीनदाराने आपल्या बागेसाठी अठराव्या शतकातच उठवलं. चर्च उरलं होतं, ते 1970 च्या दशकात रटलंड वॉटर या जलाशयाखाली जाणार होतं. लोकांनी धडपड करून वाचवलं. आतली जमीन भराव घालून उंच केली, भोवती बांध घातला. आज त्याच्या भिंतींचा खालचा भाग पाण्याच्या पातळीखाली आहे आणि वरचा मनोरा काठावरून दिमाखात दिसतो. नेदर हॅम्बल्टन ही वस्ती मात्र पाण्यात गेलीच.

रटलंडची जुनी कागदपत्रं लेस्टरशायरबरोबरच्या सामाईक अभिलेखागारात आहेत. अशा ठिकाणी जाताना पेन्सिल न्या. मूळ कागदांजवळ पेन चालत नाही.