सात आखूड, एक लांब

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी सोलापुरात कन्ना चौकातून जाताना कुणी ना कुणी गाडी थांबवून विचारतंच, "काय ओ, बोटीनं गोव्याला गेलता म्हणं? आणि गोव्यात उतरलाच नाहीत?" प्रश्न मला असतो, रोख अम्माकडं असतो. म्हातारीच्या नादानं पोराचे पैसे पाण्यात गेले, असा एकूण सूर. पैसे माझे नव्हतेच. पुण्यात आयटीत असलेल्या धाकट्या भावाचे होते. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो, मला क्रूझ परवडत नाही. पण ते चौकात कशाला सांगायचं, म्हणून इथं लिहितोय.

आमच्या घरात तेलुगू. चार पिढ्यांपूर्वी मागावर काम करायला तेलंगणातून सोलापुरात आलेली पद्मशाली माणसं आम्ही. शाळा मराठी, बाजार मराठी, घरी अम्मा. अम्मानं नवव्या वर्षापासून विड्या वळल्या. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली विडी कामगार बायकांना जी १० हजार घरं मिळाली, त्यातलं एक तिचं. अजून तिथंच राहते. शहरात माझ्याकडं चार दिवसांच्या वर टिकत नाही.

दिवाळीनंतर भावानं तिकिटं काढली. दोन रात्री, मध्ये एक दिवस गोवा. आम्ही मिळून नऊ जण. रात्रीची सिद्धेश्वर पकडली, सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि बॅलार्ड पिअरला टॅक्सीनं पोहोचलो. अंतर इतकं कमी की टॅक्सीवाला आम्हाला बसवून घेतल्याबद्दल स्वतःवरच चिडलेला दिसत होता.

तपासणीत आमच्या कडक भाकऱ्या गेल्या. घरून केलेलं खाणं बोटीवर चालत नाही म्हणे. वीस भाकऱ्या, फडक्यात बांधलेल्या, त्या माणसानं टेबलाखालच्या डब्यात टाकल्या. टाकताना आवाज झाला. अम्मानं त्याच्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. कडक भाकरी महिनाभर टिकते हे त्याला कोण सांगणार? शेंगा चटणी मात्र वाचली. अम्माच्या हातातल्या पिशवीत गोळ्यांच्या पाकिटांमध्ये होती, यंत्राला बहुतेक औषधाची पूड वाटली असावी. त्या क्षणापासून अम्मानं ती पिशवी खाली ठेवली नाही.

सुटण्याआधी सगळ्यांना गोळा करून सराव घेतला. बोटीवर संकट आलं तर भोंगा कसा वाजेल? सात आखूड, एक लांब. तो ऐकला की आपापल्या कार्डावर जे अक्षर आहे त्या जागी जाऊन उभं राहायचं. आमचं अक्षर सी. लोक सेल्फी काढत होते. माझा भाऊ ऑफिसच्या फोनवर होता. मीही अर्धंच ऐकलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा सराव सुटण्याआधी का घेतात. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया ही क्रूझ बोट खडकाला लागून आडवी झाली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. ३२ माणसं गेली. आमच्या नऊ जणांत तो सराव नीट बघणारी एकटी अम्मा. भाषा इंग्रजी होती, पण शिकवणारी मुलगी हातवारे चांगले करत होती.

रात्रीबद्दल फार लिहीत नाही. डीजे, रांगा, लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या बशीतली भजी आपल्या शर्टाला. केबिनमध्ये परतलो तर अम्मानं सगळे ग्लास, दोन बाटल्या आणि आईस्क्रीमचा रिकामा डबा नळाखाली धरून भरून ठेवले होते. म्हटलं, "अगं, इथं चोवीस तास पाणी असतं." ती म्हणाली, "आपल्याकडं पण असंच सांगतेत." ज्याच्या घरी पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्यानं यावर काय बोलायचं? मी गप झोपलो.

सकाळी मुरगाव, गोव्याचं बंदर. गोवा म्हणून ज्यानं डोळ्यांसमोर माड आणि वाळू आणलीय, त्याचा इथं मोठा पोपट होतो. समोर कोळसा. कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडं जाणारा, बाहेरदेशातून आलेला कोळसा. जुवारी नदीच्या मुखापलीकडं दोना पावलाचं टोक दिसतं, तेवढाच काय तो गोवा.

बोटीच्या शिडीवरून खाली बघून अम्मा म्हणाली, "मी नाही येत. गुडघे माझे आहेत." भावानं माझ्याकडं बघितलं. "दादा, तू थांबतोस ना?" विचारायच्या आधीच त्यानं माझी टोपी त्याच्या पोराच्या डोक्यावर घातली होती.

खरं सांगायचं तर मी फुगलो होतो. दोन महिने मी मनात एक बीअर आणि एक ताट फिशकरी घेऊन फिरत होतो. बंदराचे पैसे तिकिटातच कापलेले असतात, उतरा नाहीतर बसा, हेही आठवून जास्त चिडलो. अम्माशी तासभर बोललो नाही. तिला ते कळलं नाही, किंवा कळून तिनं दुर्लक्ष केलं. बहुधा दुसरंच.

पण दहा वाजेपर्यंत बोट रिकामी झाली आणि माझा राग ठेवायला जागा उरली नाही. आदल्या रात्री जिथं इडलीसाठी चाळीस माणसं होती तिथं पाच आचारी आणि न उतरलेले आम्ही चार प्रवासी. डोसा तव्यावरून थेट बशीत. लिफ्ट बोलावली की येते. जुगाराचा हॉल बंद, दुकानं बंद, ती खोल समुद्रात गेल्यावरच उघडतात. तरणतलावात एक पान तरंगत होतं. एवढी मोठी जागा आणि कुणी आपल्याला कुठं जा म्हणत नाही, हे सुख मला सोलापुरात फक्त मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता नव्या पेठेत मिळतं, आणि तिथं ४४ डिग्री असतं.

अम्मा कठड्याशी खुर्ची घेऊन बसली. धक्क्याला बांधलेले दोर माझ्या दंडाएवढे जाड होते आणि प्रत्येकावर पत्र्याची गोल थाळी बसवलेली. उंदीर दोरावरून चढून येऊ नयेत म्हणून. अम्माला ते फार पटलं. मग दोराकडं बघून म्हणाली, "हे सूत कितीचं?" सोलापूरच्या माणसाला कुठलाही धागा दाखवा, तो आधी काउंट, म्हणजे सुताचा बारीकपणा, विचारतो. मी हसलो आणि अबोला संपला.

नंतर तिच्या हातांकडं लक्ष गेलं. साठ वर्षं त्या मांडीवर सूप होतं. सुपात कापलेलं पान, तंबाखू, दोरा. आता सूप नाही, आणि हातांना ते कुणी सांगितलेलं नाही. टेबलावरच्या कागदी रुमालांचे तिनं तुकडे केले होते आणि बोलता बोलता वळत होती. एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाचं तोंड अंगठ्याच्या नखानं आत मोडलेलं. खाली बघत नव्हती. पंचवीस झाल्या तेव्हा हात आपोआप थांबले. पंचवीसची जुडी, तिला कट्टा म्हणतात.

"आलोच" म्हणून मी केबिनमध्ये गेलो आणि झोपलो. हे कबूल करायलाच हवं.

जाग आली ती घोषणेनं. इंग्रजीत काहीतरी, शेवटी "फक्त कर्मचाऱ्यांसाठी" एवढं कळलं. पाठोपाठ भोंगा. सात आखूड, एक लांब. मी कूस बदलली. मग आठवलं की ही घोषणा अम्माला कळलेली नसणार.

वर धावलो. खुर्ची रिकामी. टेबलावर पंचवीस विड्या, शेजारी चहाचा कप. पिशवी नाही. नारिंगी जॅकेट घातलेली माणसं जिन्यांवरून सरळ रेषेत जात होती, काल रात्री वाढपी असलेली, काल रात्री नाचवणारी, आता कुणाच्याच चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी एकाला विचारलं, "म्हातारी बाई, नऊवारी?" त्यानं मला बाजूला हो अशी खूण केली. तरणतलावाकडं गेलो. पाण्यात बघितलं. ते बघताना पोटात जे झालं ते लिहीत नाही.

सी या जागी ती सापडली. बाकावर ताठ बसलेली, डावीकडं दोन आचारी, उजवीकडं सफाईवाला पोरगा. पदरावरून नारिंगी जॅकेट. गुडघ्यावर पिशवी, हातात कार्ड. हजेरी चालली होती आणि ती आपलं नाव पुकारायची वाट बघत होती.

"कशाला उठून आलीस?" मी ओरडलोच. सगळ्यांदेखत.

"भोंगा झाला की," ती म्हणाली. "तू कुठं होतास?"

तिचे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की उठायचं, या घरात त्यावर चर्चा नसायची. आणि सी तिनं शोधला कसा? तिला इंग्रजी अक्षर येत नाही. कार्डावर चंद्रकोर काढलीय, तशीच चंद्रकोर कुठल्या पाटीवर आहे ते बघत, गुडघे धरत, दोन जिने उतरून आली. दोन जिने! शिडीनं गोव्यात उतरायला दुखणारे गुडघे.

हजेरी घेणारा माणूस पंचेचाळिशीचा असेल. तो वाकून तिला म्हणाला, "भयं लेदु, अम्मा." मी थबकलो. अम्मानं मान वर केली. "मीदि ए ऊरु?" गाव कुठलं, असं त्यानं तेलुगूत विचारलं. "सोलापूर," अम्मा म्हणाली, जणू त्याला ठाऊक असणारच. त्याला नव्हतं. तो श्रीकाकुळमचा. अम्माच्या तेलुगूत निम्मी मराठी आणि उरलेल्यात उर्दू, त्यामुळं तो प्रत्येक चौथ्या शब्दाला हसत होता आणि ती प्रत्येक हसण्याला तोच शब्द जास्त मोठ्यानं म्हणत होती. इतके दिवस माझा समज होता की आमची तेलुगू अशुद्ध आहे, चारचौघांत बोलू नये. त्याला ती जुनी वाटली. म्हणाला, माझी आज्जी असले दोन-तीन शब्द वापरायची.

जॅकेट तिनंच मागून घेतलं होतं. सगळ्यांना आहे, मला का नाही, म्हणून.

मग आम्ही तिथंच बसून बघितलं. पाण्याकडच्या बाजूची एक होडी बाहेर झुलवली, लोखंडी दोरांवर हळूहळू खाली सोडली, सुरू केली, एक फेरी मारून परत वर घेतली. हा सराव दर आठवड्याला करायचाच असतो, आणि बंदराच्या दिवशी करायचा कारण प्रवासी खाली गेलेले असतात. अम्मानं विचारलं, "सगळे खाली गेलेत, आत्ता बुडाली तर वाचवणार कुणाला?" तो म्हणाला, "तुम्हालाच."

सातवा महिना होता त्याचा, घर न बघता. दर आठवड्याला गोव्याला येतो. खाली उतरलाय एकदा, सिमकार्डासाठी. अम्मानं हे ऐकून माझ्याकडं असं बघितलं की माझी बीअर तिला सकाळपासून दिसत होती हे मला कळलं.

निघताना त्यानं अजून एक गोष्ट सांगितली. बोटीवर समुद्राचं पाणी गोडं करतात, पण ते खोल समुद्रात. बंदरातलं पाणी घाण, म्हणून इथं ते यंत्र बंद, टाकीत साठवलेलंच वापरायचं. अम्मा काही बोलली नाही. केबिनमध्ये येऊन तिनं आईस्क्रीमच्या डब्यातलं पाणी माझ्यापुढं धरलं. "पी."

डेकवर परत गेलो तोवर टेबल पुसलेलं होतं. "कट्टा गेला," एवढंच म्हणाली. मी विचारलं, त्या माणसाला चटणी द्यायची होतीस की. "परतीच्या गाडीत काय खाणार?" भाकऱ्यांचं दुःख अजून ओलं होतं.

संध्याकाळी मंडळी परतली. जुनं गोवं, मंगेशी, आणि बाकी वेळ टॅक्सीत. भाऊ आणि भावजय एकमेकांशी बोलत नव्हते, पोराचं नाक सोललेलं, माझी टोपी मिरामारला राहिली. भाऊ म्हणाला, "बोअर झालं असेल ना रे?" मी म्हटलं, चालतं.

रात्री जेवताना स्पीकर खरखरला आणि घोषणा झाली. बिंगो होता, साडेनऊला, पाचव्या मजल्यावर. अम्मानं हात धुतला नव्हता, तसाच डाव्या हातानं पिशवी उचलली आणि कार्ड काढून दिव्याखाली धरलं.