हौदा असलेली गाडी

आज पिकअपच्या हौद्याची खालची चादर बदलून घेतली. फाळक्याजवळच्या कोपऱ्यात पत्र्याची पार चाळण झाली होती. रोपवाटिकेचं काम म्हणजे सतत ओल. भिजलेली माती, शेणखत, नुकतंच पाणी घातलेल्या पिशव्या. ते पाणी झिरपून सांध्यात साठतं आणि तिथूनच गंज धरतो. वेल्डरने जुनी चादर कापून काढली, खालच्या आडव्या पट्ट्या घासून त्यांना प्रायमर मारला आणि नवी चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा, टाकली. मी शेवटपर्यंत शेजारी उभी होते. चादर निघाल्यावर चेसिस उघडी पडली. पुढून मागपर्यंत गेलेल्या दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, मागे ऍक्सलवर बांधलेले पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. इतकी वर्षं माती वाहूनही त्या तुळया सरळच्या सरळ होत्या. बघून फार बरं वाटलं.

कारचं असं करता येत नाही. बहुतेक कारना वेगळी चेसिसच नसते. फरशी, खांब, छप्पर हे सगळं मिळून एकच सांगाडा असतो आणि पत्र्यालाच भार पेलावा लागतो. १९२२ च्या लान्चिया लॅम्ब्डापासून ही कल्पना मोटारीत आली आणि पुढे जवळजवळ सगळ्या कार त्याच वाटेने गेल्या. त्याचे फायदे मोठे आहेत. गाडी हलकी होते, वळणावर घट्ट बसते, धडकेचा जोर पत्रा स्वतः चेपून घेतो. पण तिच्यातला एखादा भाग काढून दुसरा बसवायचा म्हटलं की सगळ्या सांगाड्याचा विचार करावा लागतो. ट्रकचा हौदा मात्र बोल्टवर बसलेला असतो. काढा, दुरुस्त करा, पुन्हा बसवा. हवा तर लाकडी करा, हवा तर जाळीचा. कामाप्रमाणे बदलता येणारी गाडी मला आवडते.

माझी पहिली गाडी कारच होती. जुनी, छोटी, पेट्रोलवरची. तेव्हा रोपवाटिका लहान होती, रोपांचे ट्रे मागच्या सीटवर मावायचे. मग मोठ्या पिशव्यांतली झाडं आली, त्यांचे शेंडे छपराला लागून मुडपायला लागले. मी मागची सीटच काढून ठेवली आणि तिथे प्लायवूड टाकलं. पुढे वाचनात आलं की हे जगभर झालेलं आहे. फोर्डच्या मॉडेल टीचा मागचा भाग कापून लोक स्वतःच त्यावर लाकडी पेटी बसवत असत. शेवटी १९२५ मध्ये कंपनीनेच तशी गाडी कारखान्यातून तयार करून द्यायला सुरुवात केली. ५६ इंच लांब पोलादी हौदा, मागे उघडणारा फाळका आणि भाराच्या मानाने जाड केलेले पाटे. ज्याला सामान न्यायचं आहे त्याने कारचा ट्रक करून घेतला आणि कारखाना त्याच्या मागून आला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

त्यानंतर मी सेकंडहँड टाटा एस घेतला. २००५ साली ही गाडी आली आणि तिला सगळे छोटा हत्ती म्हणू लागले. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद १६ अश्वशक्ती, वाहायची क्षमता पाऊण टन. म्हणजे ५० किलोच्या १५ गोण्या झाल्या की भार पूर्ण. १६ अश्वशक्ती ऐकून नाक मुरडणारे भेटतात. पण १८९६ मध्ये गॉटलिब डाइम्लरने पहिला मोटार-ट्रक विकायला काढला तेव्हा त्याच्या इंजिनाची ताकद होती ४ अश्वशक्ती, आणि तो दीड टन वाहायचा. भार ओढायला लागते ती खालच्या गिअरमधली सावकाश, न थकणारी ओढ. ती छोट्या हत्तीत होती. चढावर तो दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढायचा, पण चढायचा.

त्या गाडीवर मी भार लावायला शिकले, आणि शिकवलं मामाने. मामाचं सगळं आयुष्य ट्रकवर गेलं. पहिल्याच दिवशी हौद्याकडे न बघता तो खाली वाकला आणि मागच्या ऍक्सलकडे बोट दाखवून म्हणाला, "जड माल या रेषेच्या पुढं ठेव. मागं गेला की पुढची चाकं हलकी होतात, मग स्टेअरिंग तुझं ऐकत नाही." ओली माती दिसते तेवढीच पण कोरडीपेक्षा कितीतरी जड, तेव्हा गोण्या मोजताना ढीग किती मोठा दिसतो यावर जायचं नाही, हेही त्यानेच सांगितलं.

मग दोर. ताडपत्री टाकल्यावर दोर एका बाजूच्या हुकात बांधायचा आणि भारावरून दुसऱ्या बाजूला आणायचा. तिथे दोराच्या मधेच पीळ देऊन एक फासा करायचा, मोकळं टोक खालच्या हुकातून घेऊन वर त्या फाशात ओवायचं आणि पुन्हा खाली खेचायचं. दोरच कप्पीचं काम करतो. नुसत्या हाताने कधीच बसणार नाही इतका ताण त्या एका खेचण्यात बसतो. बोटांनी तो फासा चिमटून धरायचा आणि उरलेल्या दोराची अर्धी गाठ मारायची, म्हणजे सोडताना एका झटक्यात मोकळी होते. मामा हे बोलता बोलता करायचा. मला ते जमेपर्यंत तळहात सोलवटले, पण आता अंधारातही हात आपोआप चालतात.

रोपांचा भार वजनाला हलका असला तरी जबाबदारी वेगळी असते. धावत्या गाडीचा वारा कोवळी पानं अक्षरशः भाजून काढतो. म्हणून हिरव्या जाळीने चारी बाजू बंद करायच्या, निघण्याआधी पाणी द्यायचं आणि गाडी घाईने हाणायची नाही. कारच्या बंद डब्यात ही काळजी नसते हे खरं, पण तिथे माणसाइतकं उंच झाड उभंही राहत नाही.

सध्याची गाडी बोलेरो पिकअप, सव्वा टनाची. रोपवाटिका वाढली तशी ती आली. या गाडीने मला झाडांपलीकडचंही पुष्कळ दिलं. ट्रक असलेल्या माणसाला लोक हाक मारतात. कुणाचं घर बदलायचं असतं, कुणाला जुनं कपाट भावाकडे पोचवायचं असतं. एकदा एका मैत्रिणीला तडकाफडकी घर सोडावं लागलं. तिने फोनवर एवढंच विचारलं, "तुझी गाडी मोकळी आहे का?" शिलाई मशीन, पुस्तकांची खोकी, मुलाची सायकल, दोन गाद्या. अर्ध्या तासात सगळं हौद्यात चढवलं, ताडपत्री टाकली, दोर आवळला. भाड्याचा टेम्पो शोधायला, त्याच्याशी बोलायला, तो येईपर्यंत दारात उभं राहायला तिच्यात त्राण नव्हतं. वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. केबिनमध्ये तिघं दाटीने बसलो होतो आणि तिचा मुलगा दर थोड्या वेळाने मागच्या काचेतून सायकल आहे ना हे बघत होता. अशा वेळी आपल्याकडे हौदा आहे याचा मला मनापासून आनंद होतो. तो आनंद मला कुठल्याही मऊ सीटने दिलेला नाही.

रिकामी पिकअप चालवायला कष्टाची असते, हे इथे लिहायला हवं. पाटे भाराच्या हिशेबाने बनवलेले असतात. भार नसेल तर ते दबत नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत येतो. ब्रेकचंही तसंच. रिकाम्या गाडीची मागची चाकं हलकी असल्यामुळे ती पटकन लॉक होऊ शकतात. म्हणून अनेक पिकअपमध्ये मागच्या ऍक्सलला एक दांडी जोडलेली असते. हौदा किती खाली बसला आहे ते त्या दांडीवरून एका व्हॉल्व्हला कळतं आणि त्या मानाने मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त होतो. सर्व्हिसिंगला ती दांडी मी आवर्जून तपासायला सांगते, कारण ती गंजून अडकली तर वरून काहीच दिसत नाही. मातीच्या गोण्या भरल्या की हीच गाडी कशी शांत होते! मागची उसळी जाते, चाकं रस्ता धरतात.

म्हणूनच निव्वळ रुबाबासाठी घेतलेले, वर्षानुवर्षं हौद्यात काहीही न पडलेले अवाढव्य पिकअप मला पटत नाहीत. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी वाचला. ज्यांचं बोनेट ४० इंचांहून, म्हणजे साधारण एक मीटरहून उंच आहे अशा गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली, तर त्याचा जीव जाण्याची शक्यता ३० इंच किंवा त्याहून बुटक्या बोनेटच्या कारपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. त्या बोनेटपुढे लहान मूल उभं असलं तरी दिसत नाही. काम करणाऱ्या गाडीला उंची लागत असेल तर ती असावी, आणि चालवणाऱ्याने त्या उंचीचं ओझं मनावर बाळगावं. मी गाडी सुरू करण्याआधी पुढून एक फेरी मारतेच.

मुलीला कार घ्यायची आहे. तिने जरूर घ्यावी. तिचं काम लॅपटॉपच्या पिशवीत मावतं, तिला हौदा कशाला?

माझी पुढची गाडी कदाचित विजेवरची असेल. टाटा एसची विजेवरची आवृत्ती २०२२ मध्ये आली तेव्हा तिची क्षमता ६०० किलो होती. माझ्या मातीला ती कमी पडते, पण मोठ्या क्षमतेच्याही येऊ लागल्या आहेत. विजेच्या मोटरला पूर्ण ओढ जागेवरूनच मिळते. भरल्या गाडीला चढावर थांबून पुन्हा निघायचं असतं तेव्हा क्लच जाळावा लागणार नाही, हे मला सगळ्यात जास्त खुणावतं. बॅटरी चेसिसच्या दोन तुळयांमध्ये कशी बसवली आहे, पाणी साचलेल्या वाटेवर तिचं काय होतं आणि हौदा वेगळा काढता येतो का, हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. चालवून बघायला जाईन तेव्हा गोण्या भरूनच चालवीन. उद्या सकाळी मात्र आंब्याची कलमं पोचवायची आहेत, आणि नव्या चादरीवर पहिला भार तोच.