तुम्ही विचारलंत, ‘इतकी वर्षं घरी होते, आता कोण घेणार मला?’ म्हणून सांगते.

बेळगावात टिळकवाडीतल्या एका ऑफिसात मी छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं आणि पीएफची कामं करते. अनगोळ, येळ्ळूर, पार खानापूरहून बायका येतात आणि हेच विचारतात: लग्नाआधी कामाला होते, मग मुलं झाली, आता कुठं काम मिळेल का?

मिळतं. उद्यमबागेत, मच्छेत पॅकिंगला, माल तपासायला बायका लागतात. गणपत गल्लीतल्या दुकानांना मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी हवी असते. कन्नड मोडकंतोडकं असलं तरी बोला. ‘स्वल्प स्वल्प बरतद’, म्हणजे थोडं थोडं येतं, म्हटलं की समोरचा सांभाळून घेतो.

मला काळजी वाटते ती ‘काय पण चालतंय अक्का’ या उत्तराची. ते म्हणून बायका रोखीच्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या कामाला लागतात आणि आधी केलेलं काम स्वतःच पुसून टाकतात. अहो, ते काम कुठंतरी नोंदलेलं असतं! २०१४ पासून पीएफ कापलेल्यांना यूएएन नंबर मिळतो, तो जन्मभर एकच. पीएफच्या पेन्शनला कामाची १० वर्षं लागतात, पण ती सलग लागत नाहीत. मधे घर सांभाळलंत आणि पैसे काढले नाहीत, तर जुनी तीन आणि नवी सात मिळून दहा होतात.

मात्र एक अडचण हमखास येते. एका ताईनं जुनी पगाराची चिठ्ठी जपून ठेवली होती, घड्यांवर फाटत आलेली. तिच्यावर वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पीएफच्या पोर्टलच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. लग्नाचा दाखला जोडला, जुन्या मालकाची मान्यता आणली, हेलपाटे घातले, तेव्हा कुठं तिची वर्षं तिच्या नावावर आली. इतका त्रास कशाला, असं घरचे म्हणतील. घ्या तो त्रास, तुमच्या कष्टाची वर्षं आहेत ती.

‘कापू नका, सगळे हातात द्या’ असंही म्हणू नका. १२,००० पगारावर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, तुमचे ९० रुपये जातात. त्यावर घरच्यांचं औषधपाणी होतं आणि नियमाप्रमाणे हप्ते भरलेले असले, तर बाळंतपणात २६ आठवड्यांपर्यंत पगारही मिळतो. पीएफमध्ये तुमच्याइतकीच रक्कम मालक भरतो. दहा माणसं कामाला असलेल्या ठिकाणी ईएसआय, वीस असलेल्या ठिकाणी पीएफ, हे तोंडावर विचारा. विचारायला लाजायचं नाही.

११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना साधी सरकारी बस फुकट झाली आणि खानापूरच्या बाईला उद्यमबाग परवडायला लागली. तिकिटापायी किती जणी घरी बसल्या होत्या, ते मी पाहिलंय. पण शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात काम धरलंत तर हद्द ओलांडणाऱ्या बसला ही सवलत आहे का, ते आधी विचारा. भाडं पडणार असेल तर ते पगारातून वजा धरूनच हो म्हणा. यूएएनला मात्र हद्द नाही, ईएसआयच्या नंबरालाही नाही. तिकडचा मालक नवा नंबर काढायला लागला तर थांबवा, जुनाच लिहून द्या. दोन महिन्यांनी सरकारच्या उमंग ॲपमध्ये पीएफचं पासबुक उघडून पैसे जमा झालेत का बघा. जमलं नाही तर पोरीला सांगा, नाहीतर माझ्याकडे या.